रिकाम्या चौकटींवरील स्वारी

ज्यांस घरचे संकट थोर वाटते त्यांणी हे आधी वाचावे. हकीकत ऐशी जे, अखंडितलक्ष्मी-अलंकृत ताईसाहेब यांणी नोकरीवर लाथ मारून पिशव्या शिवण्याचा कारखाना मांडिला आणि वेबसाइटीचा कारभार धाकटे बंधू, किताब कीबोर्डबहाद्दर, यांचे हवाली केला. मग एके दिवशी दूरच्या दुकानाची मालकीण चार वाजता वेबसाइटीवर माल पाहणार, पसंत पडला तर कारखाना तगणार, न पडल्यास कुलूप, ऐसा बाका प्रसंग आला, आणि ऐन दुपारी पाहतात तो एकही फोटो नाही, नुसत्या रिकाम्या चौकटी. ताईसाहेबांनी बंधूंस तातडीने पाचारण केले.

बहाद्दरांनी प्रथम इंटरनेटास दोष दिला, मग दूरच्या सर्व्हरास, मग ताईसाहेबांच्या मोबाइलास. तुझंच काही चुकलं नाही ना, हा ताईसाहेबांचा सवाल बेअदबी समजोन कानाआड जाहला.

अखेर दूरदेशीहून फोटो आणण्यास नेमिलेला जासूद, नामे प्लगिन, यास उभा करून, हाती काय लागते ते दाखव, ऐसे फर्मान सुटले. तों त्याचे हाती फोटोचा पत्ता नव्हे, पेटी. ताईसाहेबांची शिस्त ऐशी की, पिशवीच्या पेटीत रंगाची पेटी आणि रंगाच्या पेटीत फोटोंचे पत्ते. बहाद्दरांच्या बोलीत या पेट्यांस अ‍ॅरे म्हणतात. परंतु बहाद्दरांनी चाचणी घेतली ती स्वतः रचिलेल्या एका पिशवीवर, पत्ता थेट बाहेरच्या पेटीत टाकून. सबब जासुदास एकच झाकण उघडण्याचा हुकूम. तो बापडा आत दुसरी पेटी पाही आणि हूं की चूं न करिता रिकाम्या हाती परते.

मग नवे फर्मान निघाले की, पेटीत पेटी आढळल्यास तीही उघडावी आणि आतील हरएक पत्ता घेतल्यावाचून मागे फिरू नये. जासूद सुटला आणि निळ्या, हिरव्या, तांबड्या फोटोंची फौज चौकटींत दाखल जाहली. ताईसाहेबांस रडू आवरेना.

तोच तपकिरी रंगाच्या पेटीतून अखेरचा फोटो उतरला: तपकिरी पिशवी डोईखाली घेऊन, तोंड उघडे टाकून, शिलाई मशीनशेजारी घोरत पडलेले खुद्द बहाद्दर. ताईसाहेबांनी तो थट्टेने टिपून त्याच पेटीत ठेविला होता आणि मग विसरल्या. बहाद्दर तो पुसू जातात तों चार वाजले आणि मालकिणीचा निरोप आला की, पिशवी एवढी मऊ असेल तर तपकिरीच भरपूर पाठवा.

ताईसाहेबांनी डोळे पुसोन हुकूम केला, "तो फोटो काढायचा नाही. तुझी झोप आयुष्यात पहिल्यांदा कामाला आली."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. बहाद्दरांचे तोंड वेबसाइटीवर अद्याप उघडेच आहे.