वर पाहिजे? मंग जुनं घ्या

मोसंबीच्या रोपांत आपला हात कुणी धरू शकत न्हाई! अडचण एकच, हे जगाला माहीत नव्हतं. दोन हजार सहाची गोष्ट. माझं लग्न ठरलेलं, रविवारी साखरपुडा, आणि मी होणाऱ्या सासऱ्याला ऐटीत सांगून बसलेलो की आमची नर्सरी इंटरनेटवर आहे. मंग ती तिथं असायला नको का?

जालन्यात मुकुंदचं नेट कॅफे आहे. मुकुंद माझा शाळेतला दोस्त. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं तोच सांगतो. म्हणाला, "मच्छिंद्र, साइटचं नाव जितकं जुनं, तितकी ती सर्चमध्ये वर. माझ्याकडं एक आठ वर्षांचं नाव आहे, पहिल्या मालकानं सोडून दिलेलं."

नाव होतं शुभजोड डॉट कॉम. पहिला मालक वधू-वर सूचक मंडळवाला. मी म्हणलं, कलम करतो म्हणजे आपण तरी काय करतो, खुंटाला दुसऱ्या झाडाचा डोळा जोडतोच की. घेऊन टाकलं.

मुकुंदनं साइटवरचा मंडळाचा फोन नंबर काढून माझा नवा मोबाइल नंबर टाकला, आणि लाइट गेली. मंडळाचं बाकीचं सगळं उद्या काढू, मोसंबीचे फोटो उद्या टाकू, असं ठरलं. मी मात्र तेवढ्यावरच बदनापूरभर सांगत फिरलो की ज्याला आपलं दुकान इंटरनेटवर वर आणायचं असंल, त्यानं मला विचारावं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"शुभजोडवाले का? आम्हाला वर पाहिजे. जरा जल्दी आहे."

आलं गिऱ्हाईक! मी मांडी ठोकून बसलो.

"वर पाहिजे असंल तर बिलकुल जुनं घ्या. जितकं वय जास्त, तितकं चांगलं."

"जुनं?"

"सात-आठ वर्षं वापरलेलं असलं तर उत्तम. मी तेच केलं की. पहिल्या मालकानं सोडलेलं होतं, मी घेतलं. खर्चा पण कमी."

"घरच्यांना माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? त्यांना त्यातलं काय कळतं?"

"नाव काय म्हणालात तुमचं?"

"मच्छिंद्र. बदनापूरचा मोसंबीवाला."

फोन कट झाला. रेंज गेली असंल म्हणून मी जेवायला बसलो.

संध्याकाळी दारात जीप थांबली. आमचे होणारे सासरे, धर्मराजमामा, उतरले. मागं त्यांची पोरगी उषा, म्हणजे माझी होणारी बायको. मामांनी धाकट्या पोरीसाठी स्थळ बघायला फोन केल्ता, आणि उचलला मोठीच्या होणाऱ्या नवऱ्यानं!

"ती सोडलेली बाई आधी बाहेर काढा," मामा म्हणाले.

आईनं डोक्याला हात लावला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, माझ्याकडं असं बघायला लागले की मला माझाच संशय आला. मी शपथा घेऊन राह्यलो, पण जितकं समजावावं तितकं घाण होत गेलं. "बाई न्हाई, नाव जुनं आहे," म्हणालो, तर मामा म्हणाले, "नाव पण सांगा मंग." शेवटी सगळ्यांना जीपमधी घालून मुकुंदकडं नेलं.

मुकुंदनं साइट उघडली. वर मुंडावळ्या बांधलेली जोडी, खाली माझा नंबर. मामांनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि एकदम हसू फुटून खुर्चीत बसले. माझ्या जिवात जीव आला.

उषानं कॉम्प्युटरचा कोर्स केल्ता. तिनं माउस हातात घेऊन मोसंबीची रोपं शोधली. पानामागून पान गेलं, आमचा पत्ता न्हाई.

"वय घेऊन काय करता?" ती म्हणाली. "आत मोसंबीचं एक अक्षर न्हाई. ज्याच्यात काहीच न्हाई, ते कितीही जुनं असलं तरी वर कसं येईल?"

ती साइटबद्दल बोलत होती, असं मी अजून धरून चाललोय.

साखरपुडा झाला, लग्न झालं. उषानं नवंकोरं नाव घेतलं, रोपांची सगळी माहिती स्वतः लिहिली, आणि वर्षभरात आमची नर्सरी पहिल्या पानावर आली. शुभजोडवर टाकलेल्या माझ्या त्या नंबरावर मात्र अजून फोन येतात. परवा एकानं विचारलं, वर आहे का? मी तोंड उघडायच्या आत उषानं फोन घेतला.

"होता एक," म्हणाली, "जुना. तो मी घेतला."