सोमवारी पूर्व बंद!

"पोन्नम्मा, तीन दिवसांत तुला अशी चेन्नई दाखवतो की चेन्नईवाल्यांनीसुद्धा पाहिली नसेल!" आमच्या ह्यांनी करूरच्या चादरींच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर ही गर्जना केली. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. त्यांच्या बापाचं काय जातंय! मला चेन्नई बघायचीच नव्हती. मला समुद्र बघायचा होता. पन्नाशी उलटली, नातवंडं झाली, पण समुद्र काही नजरेला पडला नव्हता.

"मला फक्त समुद्र दाखवा. बाकीचं शहर तुम्हालाच ठेवा," मी म्हटलं.

निघताना ह्यांनी भिंतीवरचं रोज पान फाडायचं कॅलेंडर काढून बॅगेत घातलं. राहुकाळ, यमगंड, कुठल्या वारी कुठल्या दिशेला निघू नये तो दिशाशूळ, सगळं त्यात छापलेलं! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

लॉज चेन्नईतल्या तिरुवल्लिक्केणीत. गल्ली सरळ पूर्वेला जाऊन समुद्राला भिडते. खिडकी उघडली की खारा वारा तोंडावर! शनिवारी सकाळी मी गजरा माळून दारात उभी राहिले.

"अहो, चला!"

"आज शनिवार. पूर्वेला शूळ आहे."

"मग दही खाऊन निघा. उतारा असतो ना त्यावर!"

"दह्यानं मला सर्दी होते."

बाहेर डांबर वितळत होतं आणि ह्यांना सर्दी होणार होती! मग दिवसभर नुसतं उत्तर-दक्षिण. उत्तरेला हायकोर्टाची लाल इमारत, तीही बाहेरून. दक्षिणेला मैलापूरचं देऊळ. पूर्वेकडे मान वळली तरी हे डोळे वटारत होते.

रविवारी मात्र ह्यांनी स्वतःच हाक मारली, "ऊठ! आज पूर्व मोकळी आहे!" मी धावले. लॉजच्या शेवटच्या पायरीवर हे थबकले.

"आता काय झालं?"

"जाऊ पूर्वेला. पण परत कुठून येणार? पश्चिमेकडे तोंड करूनच ना! रविवारी पश्चिमेला शूळ!"

"अहो, शूळ निघताना बघतात, परतताना नाही!"

"शूळ काय तुझा मामा आहे, परतताना सोडून द्यायला?"

"मग गूळ खा. रविवारचा उतारा गूळच आहे."

"आणि माझी साखर वाढली म्हणजे?"

देवानं ह्यांना बुद्धी दिली नाही ते समजू शकते, पण वर मधुमेह कशाला दिला! तो दिवस आम्ही लॉजच्या व्हरांड्यात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या म्हशी पाहिल्या. म्हशी करूरलाही आहेत.

सोमवार उजाडला. संध्याकाळची गाडी, आणि पूर्वेला पुन्हा शूळ!

"मी एकटी जाते," मी म्हटलं.

"एकटी? समुद्रावर? लोक म्हणतील, नवऱ्याशी भांडून जीव द्यायला गेली!"

मी खाटेवर बसले आणि समोरची कॉफी बाजूला सारली. आमच्या घरात मी सकाळची कॉफी नाकारणं म्हणजे काय, ते ह्यांना चांगलं ठाऊक आहे. हे येरझारा घालू लागले. एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "सापडलं! शूळ तोंडाला लागतो, पाठीला नाही! तोंड पश्चिमेला ठेवायचं, पाय जाऊ देत पूर्वेला!"

आणि निघाले की हो उलटे! मी खानावळीतलं वाटीभर दही खाल्लं आणि त्यांच्या शर्टाचं टोक धरून सरळ चालले. "डावीकडे घ्या! म्हैस आहे! अहो, खड्डा!" अख्खी गल्ली गोळा झाली.

फुलवालीनं विचारलं, "अक्का, अण्णांना काय झालंय?"

"डोक्याचा त्रास आहे."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासूनच असावा. आम्हाला सांगितलं नव्हतं!"

मोठ्या रस्त्यावर पोलिसाला वाटलं, नवस असेल. त्यानं वाहतूक थांबवली. एक म्हातारी तर ह्यांच्या पाया पडली! मग काय विचारता, हे छाती काढून उलटे चालायला लागले.

वाळू लागली. ती काही केल्या संपेना. आणि मग समोर तो आला. एवढा मोठा! मला वाटलं होतं, आमच्या कावेरीला पूर आल्यावर दिसते तसं काहीतरी असेल. पण ह्याला पलीकडचा काठच नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शर्टाचं टोक हातातून कधी सुटलं, कळलंच नाही.

"आता कुठे? पोन्नम्मा, सांग ना! पोन्नम्मा!"

कोण पोन्नम्मा! मी समुद्र बघत होते. तेवढ्यात लाट आली आणि तिनं ह्यांना मागून असं काही उचललं की चष्मा एकीकडे, चपला दुसरीकडे आणि हे उताणे! उकडलेले चणे विकणाऱ्यानं टोपली टाकून ह्यांना बखोटीला धरून ओढलं.

"बघितलंस?" तोंडातलं पाणी थुंकत हे म्हणाले. "लागला की नाही शूळ?"

भिजल्या माणसाला कुठलाच रिक्षावाला घेईना. धोतर वाळेपर्यंत बसून राहावं लागलं. दुपार टळेपर्यंत मी पोटभर समुद्र पाहिला. त्या लाटेचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हे शेजारीच, समुद्राकडे पाठ करून, फुगून बसले होते. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"पुढच्या वर्षी कन्याकुमारी! तिथे तिन्ही बाजूंना समुद्र आहे. रोज एक तरी बाजू मोकळी असणारच!"

काय म्हणावं ह्या माणसाला! मी कपाळावर हात मारायला उचललासुद्धा. पण कन्याकुमारीहून परतायचं म्हणजे उत्तरेला, आणि उत्तरेला शूळ मंगळवार-बुधवारी. जायचं दक्षिणेला, म्हणजे गुरुवार गेला. मग शुक्रवारी निघून... आणि बघते तर काय, कपाळावर मारायच्या त्याच हाताच्या बोटांवर मी वार मोजत बसले होते!