रांग कमी करण्याची योजना

कुरिंडा गावात निवडणूक आणि सॉसेज एकाच शनिवारी असतात. शाळेच्या अंगणात पालक मंडळी शेगडी पेटवतात आणि पावात सॉसेज, वर परतलेला कांदा घालून देतात. आत नोरीन पास्को यादीतल्या नावावर रेघ मारून मतपत्रिका देते. मतदान सक्तीचं असल्यामुळे नावावर रेघ पडली की आपण सुटलो, अशी गावाची प्रामाणिक समजूत आहे. निवडणूक अधिकारी म्हणून नोरीनने बावीस वर्षं ती दूर करून पाहिली, मग नाद सोडला.

नगराध्यक्ष क्लिफ टॅगार्ट यांनी मात्र त्या समजुतीचा सखोल अभ्यास केला. क्लिफ लोकांचा माणूस. लोक आणि आपण यांच्यामध्ये काहीही असू नये, या तत्त्वापायी त्यांनी आधी लेखापरीक्षकाला घरी बसवलं. मग नगरसेवकांच्या सभा बंद करून पबमध्ये हात वर करायची पद्धत आणली. ग्लास धरलेला हातही मोजला जाई. लोक खूश होते. आता मध्ये उरली होती फक्त मतपत्रिका.

"लोक येतात कशाला? सॉसेजला आणि रेघेला," क्लिफ नोरीनला म्हणाले. "तुझ्या त्या कागदापायी रांग खोळंबते. काढून टाकू तो."

"अरे, मग निवडून कोण आलं ते कळणार कसं?"

"मी लोकांना विचारलंय की."

खरंच विचारलं होतं. बेकरीच्या रांगेत उभ्या असलेल्यांना रांग आवडते का, असा प्रश्न होता. शहाण्णव टक्के नाही म्हणाले. लोक आपल्या पाठीशी असल्याची नोंद क्लिफ यांनी लगेच करून घेतली.

नोरीन नियमांचं पुस्तक घेऊन अडून बसली. शेवटी क्लिफ यांनी मोठ्या मनाने तडजोड केली. रेघ शेगडीपाशीच मारायची. ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी नोरीनने निलगिरीखाली पेटी घेऊन बसावं. एक जरी मत पडलं तरी पेटी पुढेही राहील. नाही पडलं, तर ती लोकांनाच नको आहे असं समजण्यात येईल.

शनिवारी सगळा गाव आला. लोकांनी नोरीनला लांबूनच प्रेमाने हात केले. पाद्रीबाईंनी तिला जास्त कांदा घालून सॉसेज आणून दिलं आणि पेटी किती छान दिसते म्हणाल्या. दुपारी म्हातारा बेव्हन थेट पेटीशी आला, तेव्हा नोरीनने मतपत्रिका पुढे केली. त्याने पेटीवर बशी ठेवली, सावकाश खाल्लं, बशी उचलली आणि गेला.

सहा वाजता सील तोडलं. पेटी रिकामी निघाली. नियमानुसार फेरमोजणीही झाली.

नोरीन खुर्ची मिटत असताना बेव्हन परत आला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"टाकणारच होतो गं मी. पण पहिला कुणी जाईना. आणि तुझं स्वतःचं मत?"

"पेटीत एकच मत निघालं असतं, तर ते माझंच हे साऱ्या गावाला कळलं असतं ना," नोरीन म्हणाली. "मतदान गुप्त हवं, बेव्हन. दुसरं कुणी टाकेल म्हणून मी वाट बघत होते."

हे बेव्हनला पटलं. पुढच्या वेळी मात्र सगळ्यांत आधी आपणच जायचं, असं दोघांनी तिथल्या तिथे पक्कं ठरवलं.