लाटेवर उभं राहायची फळी

आमच्या उत्तममामाला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, दाढीसुद्धा अंगणातल्या लिंबाला आरसा अडकवून उभ्यानं. लग्नात गेला की मांडवात खुर्च्या रिकाम्या असताना हा खांबाशेजारी दुसरा खांब रोवल्यासारखा उभा. जेवायला तेवढा खाली टेकायचा, कारण मामी उभ्या माणसाला वाढत नाही. पण तेही एक गुडघा वर ठेवून, उकिडवा. हाक आली तर उठायला उशीर नको! कुणी "बसा की पाव्हणं" म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं : "गाडी जाऊ दे, मग बसतो."

ही गाडी म्हणजे खरोखरची गाडी. मामानं एकतीस वर्षं चुडाव्याजवळ रेल्वेच्या फाटकावर गेटमन म्हणून काढली. फाटक लावायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चाक न् चाक नजरेखालून घालायचं. कुठं काही लोंबतंय का, कुठून धूर निघतोय का. शेवटचा डबा गेल्याशिवाय बुड टेकायचं नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण मामाचा शेवटचा डबा काही जात नव्हता.

आता माझ्याविषयी थोडं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. आई-वडील दुसऱ्यांच्या वावरात राबले, मी परभणीत खोली करून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि आता तिथंच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. निकाल लागला त्या दिवसापासून मामानं माझं नाव टाकून दिलं. भर स्टेशनात, शंभर माणसांत तो हाक मारतो, "ए बी.एस्सी.!" आधी लाज वाटायची. आता कुणी नुसत्या नावानं हाक मारली तर काहीतरी पुसलं गेल्यासारखं वाटतं.

तर एका रविवारी मी पॅसेंजरनं चुडाव्याला गेले. मामा लिंबाखाली फोन हातभर लांब धरून उभा.

"बी.एस्सी., बरं झालं आलीस. ह्ये वाच. इंग्रजी हाय."

वाचलं. लाटांवर सर्फिंग करायला स्टँड-अप पॅडलबोर्ड कसा निवडावा, याचं ते लांबलचक पान होतं. मामाला मी आपल्या भाषेत सांगितलं : ही एक लांबट फळी असते. समुद्रात टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, हातात उंच वल्हं घ्यायचं, आणि मागून लाट आली की तिच्यावरून घसरत किनाऱ्याला यायचं.

"उभ्यानंच?"

"उभ्यानंच."

"मधी बसायचं न्हाई?"

"बसलं तर मग त्या फळीचा उपयोग काय, मामा?"

मामानं असा श्वास सोडला, जसं काही जगात कुणीतरी एकदाचं त्याच्या मनासारखं यंत्र काढलं. "आपल्याला एक घ्यायचीय," तो म्हणाला.

आतून मामीचा आवाज आला, "चुडाव्याला समुद्र कव्हा आला?"

"आला न्हाई अजून. पण फळी तर तयार पायजे."

मामी गप्प झाली, आणि मामी गप्प होणं ही आमच्याकडं बातमी असते. कारण त्या घरात समुद्राचा विषय निघत नव्हता.

मामाची एकुलती एक लेक प्रज्ञा. दोन वर्षांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर चार दिवस कोकणात समुद्र बघायला गेली आणि महिन्याभरात परभणीची लागलेली नोकरी सोडून तिकडचीच झाली. तिथं एका दुकानात ती लोकांना याच फळ्यांवर उभं राहायला शिकवते. ती निघाली तेव्हा मामा म्हणाला होता, "पाण्यात उभं राहून कुणाचं पोट भरलंय? लोकाला काय सांगू मी?" प्रज्ञा त्याचीच लेक. ती म्हणाली, "तुमी नुसतं जमिनीवर उभं राहून भरलंच की, बाबा." ते मामाला लागलं. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं एवढंच : "जेवलीस?" "जेवले. तुमी?" "हाव." आणि फोन मामीच्या हातात. दोन वर्षं पोरगी घरी आली नव्हती.

म्हणून मला वाटलं, माझ्या लक्षात आलं. मामाला लेकीकडं जायचंय. पण नुसतं कसं जायचं? फळी काखेत मारून गेलं की म्हणता येतं, तुझ्याकडं कुठं आलोय, मी तर लाटेवर उभं राहायला आलोय. मला मामाची दया आली आणि मी कामाला लागले.

पुढचे चार-पाच रविवार आमचा तोच धंदा. मी वाचायची, मामा उभा राहून ऐकायचा. पहिल्या रविवारी तो गोंधळलेलाच होता. पण दुसऱ्या रविवारी मी सांगितलं की फळीच्या मागच्या टोकाला एक दोरी असते, ती पायाच्या घोट्याला बांधतात, म्हणजे माणूस पडला तरी फळी लाटेबरोबर निघून जात नाही. मामाचे डोळे एकदम लकाकले.

"दावं!"

"तसंच म्हणा."

"तसंच कामून? दावंच हाय. दावं लावत्यात म्हणजे ह्ये जनावर हाय. आधीच सांगायचं की ग! मग सोपं हाय."

आमचे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, पंचक्रोशीत बैल पारखून द्यायचे. लोक त्यांना बाजारात हाताला धरून न्यायचे. ती नजर मामाकडं आली होती आणि एकतीस वर्षं रेल्वेच्या डब्यांवर वाया गेली होती. आता तिला काम मिळालं.

"नाक कसंय?" मामा विचारायचा. मी फोटो दाखवायची. "ह्ये न्हाई. ह्यानं मुंडी खाली घातलीय, लाटंत घुसंल. नाक वर उचललेलं दाव." त्या इंग्रजी पानावर हेच लिहिलं होतं, फक्त चार परिच्छेद लावून.

"दात किती?"

"दात नसतात, मामा. मागं खालच्या बाजूला माशासारखे पर असतात. एक, तीन नाहीतर चार."

"तीनचं बघ. एकानं नुसतं सरळ चालतंय. तिनानं वळतंबी आन पायबी निसटत न्हाई."

हवा भरायच्या फळ्या मिळतात, घडी करून पिशवीत नेता येतात, असं मी सांगितलं तर मामा खुदकन हसला. "बाजारात लय बघितलीत तसली. पाणी पाजून पोट फुगवून आणत्यात. दुसऱ्या दिशी घरी बघावं तर बरगड्या. आपल्याला टणक पायजे." हेही बरोबर निघालं. लाटांसाठी टणकच बरी म्हणतात.

इथपर्यंत आमचं छान जमलं. भांडण लागलं ते लिटरवरून.

फळी किती वजन पेलणार हे तिच्या आत किती लिटरची जागा आहे त्यावर ठरतं. एक लिटर पाणी बाजूला सारलं की ढोबळमानानं एक किलो तरंगतं. हे तर माझं घरचं शास्त्र! मामा अठ्ठ्याहत्तर किलोचा. त्यात नवखा. नवख्या माणसाला वजनाच्या दुपटीच्या आसपास लागतात, म्हणजे दीडशे-एकशे साठ लिटर, दहा फुटांच्या वर लांब आणि चांगली ऐसपैस रुंद. आणि मामानं बोट ठेवलं होतं आठ फुटी, अरुंद, नव्वद लिटरच्या फळीवर.

"मामा, ही लाटांवर मुरलेल्या माणसाची आहे. तुमचं वजन, फळीचं वजन, वल्हं, ओले कपडे. तुमी उभे राहाल, पण पाण्याखाली."

"नव्वद."

"एकशे साठ."

"लांब बैल वळायला जागा मागतंय. नव्वद."

मी वही काढली, आकृती काढली, बाण काढले. मामानं आकृतीचं कौतुक केलं. "लय बेस काढलीस," म्हणाला, "नव्वदच घ्यायची." आता हा फळीचा प्रश्न राहिला नव्हता. माझ्या बी.एस्सी.चा प्रश्न होता.

म्हटलं, प्रयोग करू. गावातल्या एका ओळखीच्या वावरात शेततळं आहे, गळ्याएवढं पाणी. मामाच्या घरी ढेकळं फोडायची जुनी बाभळीची फळी पडून होती. नांगरलेल्या रानात ही फळी बैलांमागं ओढतात आणि दाब यावा म्हणून माणूस तिच्यावर उभा राहतो. मामाची नोकरीआधीची सगळी उमर त्या फळीवर गेली. "उभं राहायचं मला कुणी शिकवू नका," असं तो म्हणायचा ते त्या जोरावर. त्या फळीखाली मी ट्रॅक्टरच्या ट्यूब बांधल्या, आणि जमेल तसा हिशेब करून नव्वद लिटरच्या मानानं हवा भरली. मामानं एक दावं फळीला आणि घोट्याला बांधलं. मामीनं दुसरा दोर त्याच्या कमरेला बांधला आणि टोक हाताला गुंडाळून काठावर बसली.

मामा फळीवर चढला. फळी खाली गेली. मामा दीड सेकंद उभा होता, मग नव्हता.

"वढू का राहू देऊ?" मामीनं काठावरून विचारलं.

मामा खोकत वर आला, आणि पहिलं काय केलं असेल तर दावं ओढून बघितलं. फळी सरळ त्याच्याजवळ आली. "आली बघ!" तो ओरडला, जसं काही हेच बघायला पाण्यात उतरला होता. असा तो तीनदा पडला, आणि तिन्ही वेळा आधी दावं ओढलं.

मग मी ट्यूब बदलल्या, हवा वाढवली. या वेळी मामा उभा राहिला. नुसता उभा नाही, हातात बांबू घेऊन तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. चेहऱ्यावर तेच, झेंडी धरतानाचे भाव. मी काठावरून ओरडले, "कळलं का? एकशे साठ!"

मामा निथळत बाहेर आला. "तुझं गणित एकदम बरोबर हाय, बी.एस्सी.," तो म्हणाला. "नव्वदचीच घेऊ."

मी त्या दिवशी मामीच्या हातची अंबाडीची भाजी न खाता परत गेले, यावरून माझ्या रागाची कल्पना यावी.

पुढच्या रविवारी गेले ती फक्त या भांडणाचा शेवट बघायला. मामानं फळ्या विकणाऱ्या एका दुकानदाराला फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "काका, आधी वजन सांगा, मग फळी सांगतो."

मी तोंड उघडणार तोच मामा म्हणाला, "एक्कावन्न किलो."

मी त्याच्याकडं बघितलं. तो लिंबाकडं बघत होता.

"उंची?"

"पाच फूट तीन इंच. दाराच्या चौकटीवर खूण हाय."

"नवीन शिकताय का?"

"न्हाई, न्हाई. नवीन न्हाई. शिकवती ती लोकाला. दोन वर्षं झाली." मामाचा आवाज जरा मोठा झाला, गाडीच्या आवाजावरून बोलल्यासारखा. "दुकानाच्या फळ्या वापरती. लय मोठ्या हायत त्या, पोरीच्या काखंत मावत न्हाईत. फरफटत नेती. ती टाकत असती व्हिडिओ, त्यात बघितलंय म्या."

"मग नव्वद अगदी बरोबर. थोडी कमीसुद्धा चालेल."

"कमी नको. दमल्यावर जरा जास्त तरंगलेलं बरं."

"पाठवणाऱ्याचं नाव काय लिहू?"

मामानं विचार केला. "लिहा, गेटमन, चुडावा."

फोन बंद झाला. माझं गणित इतक्या दिवसांत एकदाही चुकलं नव्हतं. मी माणूस चुकीचा धरला होता.

"मग तळ्यात कशाला पडलात तीन-तीनदा?" मी विचारलं.

"ती रोज पडत असंल की न्हाई? किती लागतंय, बघावं म्हणलं." मग जरा थांबून, "लय न्हाई लागत. पाणीच असतंय."

दोन आठवड्यांनी मी परत चुडाव्याला होते, तेव्हा मामाच्या फोनवर प्रज्ञाचा व्हिडिओ आला. मामीच्या नव्हे, थेट मामाच्या. मामानं फोन झेंडीसारखा समोर धरला, मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. पांढरी आठ फुटी फळी, वर उचललेलं नाक, घोट्याला काळं दावं. मागून लाट उठली, प्रज्ञा वाकली, वल्हं पाण्यात खुपसलं आणि वळली. मामा नाकापासून शेपटापर्यंत एकेक इंच बघत होता. कुठं काही लोंबतंय का. लाट तिला उचलून थेट वाळूपर्यंत घेऊन आली आणि विरून गेली. तिनं फळी काखेत मारली. बरोब्बर मावली. मग कॅमेऱ्याजवळ येऊन, धापा टाकत म्हणाली :

"बाबा, नाक वर हाय, दावं घट्ट हाय. तळ्यातलं सगळं आईनं सांगितलंय मला. तुमच्यासाठी एक रुंद फळी बाजूला ठेवलीय. कव्हा येता?"

व्हिडिओ संपला. मामानं आजूबाजूला पाहिलं, पाहुण्यांसाठीची प्लॅस्टिकची खुर्ची लिंबाखाली ओढली आणि तिच्यात बसला. नीट बसला, पाठ टेकून, दोन्ही पाय पसरून.

मामी चहा घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. कपबशी वाजली. तिनं मला हळूच विचारलं, "ह्यास्नी काय झालं ग? बरं न्हाई का?"

"गाडी गेली," मामानं परस्पर सांगितलं. चहा घेतला, फुंकर घातली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बी.एस्सी., ते मोठ्या फळीचं गणित परत एकदा सांग बरं. अठ्ठ्याहत्तर किलोचं."