दुसरी पाटली

"अठ्ठेचाळीस ग्रॅम," चंपतरावांनी बोरमाळ टेबलावर ठेवत जाहीर केलं. "किराण्याच्या काट्यावर मोजून आणली. माय म्हणे पाच तोळे, ते काही खोटं नाही. तुया दोन पाटल्या होऊन वरून पैसे वापस येतीन."

शामलाबाईंनी बोरमाळ पदराने पुसली. गौरांगच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्यांच्या पाटल्या गेल्या, त्याला बारा वर्षं झाली. पोरगा पुण्याला नोकरीला लागला, चंपतराव हिंगण्याच्या कंपनीतून रिटायर झाले, बाईंच्या हातात मात्र काचेच्या बांगड्याच राहिल्या. बायकांत बसलं की त्या हात पदराआड घेत. पाटल्यांची ती जड किणकिण त्यांना अजून, भाकरी थापतानासुद्धा, आठवायची. आणि आता नणंदेच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न दहा दिवसांवर आलेलं.

इतवारी बाजारात केशव सराफाने बोरमाळ हातात घेतली आणि मान हलवली.

"काका, मणी पोकळ हायेत. आत लाख भरली हाय. काढा लागते."

लाख वितळली. सासूबाईंच्या पाच तोळ्यांतून गुळाच्या खड्याएवढा काळा गोळा निघाला आणि सोनं उरलं एकोणीस ग्रॅम. मग ते शुद्धता तपासणाऱ्या मशीनखाली गेलं.

"अठरा कॅरेट. शंभरात पंच्याहत्तर सोनं, बाकी तांबं-चांदी."

"माया मायनं चोख घेतलं होतं," चंपतराव म्हणाले.

"आजीनं घेतलं असन. सोनारानं दिलं नसन." केशवने हिशेब मांडला. "बावीस कॅरेटची, एका तोळ्याची एक पाटली होते. दुसरीले मजुरी धरून सात-आठ ग्रॅम कमी पडून राहिले."

शामलाबाईंचं तोंड उतरलं. ते चंपतरावांनी पाहिलं मात्र, बोटातली अंगठी खसकन काढून त्यांनी ट्रेमध्ये टाकली. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने दिलेली ती अंगठी. नागपुरात असा पाहुणा नसेल, ज्याने ती पाहिली नाही.

"आठ ग्रॅम. चोवीस कॅरेट. मोडा."

"चोवीसची अंगठी कोणी बनवत नाही काका, मऊ पडते. मशीनच सांगन."

मशीन काय सांगणार, हे शामलाबाईंना ठाऊक होतं. खरी अंगठी कधीच गेली होती. गौरांगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीला पैसे कमी पडले, तेव्हा चंपतरावांचं बोट सुजलं म्हणून अंगठी आठ दिवस डब्यात होती. तेवढ्यात बाईंनी ती विकली आणि पितळेची, सोन्याचं पाणी दिलेली, हुबेहूब करून डब्यात ठेवली. आता मशीन चार गिऱ्हाइकांसमोर बोलणार होतं. दुसऱ्या पाटलीची आस इतकी, की मशीनच चुकेल असंही क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी हात घालून अंगठी उचलली.

"मले दुसरी नाही पाहिजे. एकच बनवा."

दोघं ऑटोने परत निघाले. कॉटन मार्केटजवळ चंपतराव हळूच म्हणाले, "शामला, त्या अंगठीनं बोट हिरवं पडते वं. दहा वर्षं झाले."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "माहीत होतं, तं मशीनखाली काहून देऊन राहिले होते?"

"तुये हात पाहिले न् राहवलं नाही. इतके वर्षं चोवीस कॅरेट, चोवीस कॅरेट सांगून राहिलो, मलेच खरं वाटाले लागलं."

शामलाबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी अंगठी आपल्या हाताने त्यांच्या बोटात घातली.

लग्नात त्या नवी पाटली घालून मिरवल्या. डावा हात तेवढा पदराआड होता. प्रेमिला नणंदेच्या नजरेतून ते कसलं सुटतं.

"वैनी, पाटली एकच? दुसरी कुठं हाय वं?"

"यायच्या बोटात हाय," शामलाबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या.

सगळ्या बायका चंपतरावांकडे वळल्या. न विचारता अंगठी दाखवणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा हात खिशात घातला.