चहा आणणारं भूत

इंदुमतीबाई देशमुखांच्या कादंबऱ्यांत कोणीही चहा करत नसे. चहा येत असे. अंथरूण घातलं जाई, घोड्यावर खोगीर चढे, भिजलेले कपडे वाळून, घडी होऊन कपाटात जात. तेवढ्यात तेरा-चौदा वर्षांचे नायक-नायिका चोरांचा माग काढून परत आलेले असत.

हे त्या मुद्दाम करत नसत. त्यांचं लहानपण तसंच गेलं होतं. वडिलांच्या जमिनी होत्या, घोडे होते, मोटार होती आणि इंग्रजी शिकवायला मास्तर घरीच राहत. ऐंशीच्या दशकात मी राज्याच्या सीमेपलीकडच्या बोथ गावी एका मराठी दैनिकाचा वार्ताहर झालो, तेव्हा यातलं काही उरलं नव्हतं. बाई मंडल कार्यालयामागे, म्हणजे तिकडच्या तहसील कचेरीमागे, दोन खोल्यांत एकट्या राहत आणि किशोरांसाठी लिहीत. "जे पाहिलं तेच लिहिणार," असं त्या सांगत. लिहायला बसल्या की दार उघडत नसत. एकदा खुद्द मंडल अधिकारी कसल्याशा चौकशीला आले.

"बाहेर बसा. पोरगी विहिरीत लोंबकळते आहे," आतून उत्तर आलं.

अधिकाऱ्यांनी शिपायाला दोर आणायला पिटाळलं.

कादंबरी छापायला देण्याआधी ती मराठी शाळेच्या नववीला ऐकवायची, हा बाईंचा नेम होता. शनिवारी शाळा सुटली की त्या वर्गात खुर्ची घेऊन बसत. शनिवारी बोथला दुसरी बातमी नसे, म्हणून मीही मागच्या बाकावर असे. "कंटाळा आला तर उठा. मुलाहिजा नको," असं त्या सुरुवातीलाच बजावत. पोरं मुलाहिजा ठेवत नसत. पाणी प्यायला म्हणून उठत आणि थेट घर गाठत. पहिल्या दोन कादंबऱ्या रिकाम्या वर्गात संपल्या.

हेडमास्तरांनी खाऊ वाटण्याचा उपाय सुचवला.

"लाच देऊन वाचक नको," बाई म्हणाल्या. "एक कादंबरी अशी वाचीन, की शेवटपर्यंत एक पोर उठणार नाही. मग मरायला मोकळी."

तिसऱ्या कादंबरीला ते घडलं. दर शनिवारी वर्ग भरू लागला. दाराशी आठवीची पोरं उभी राहू लागली. शेवटचं पान संपलं, तरी कोणी हललं नाही.

"आवडली?" बाईंनी विचारलं.

वंदना नावाची मुलगी उभी राहिली. "बाई, मंग भूत कवा येते?"

"कसलं भूत?"

"च्या आनते ते. अंथरून घालते ते. कोनालेच दिसत नाई ना!"

"घोड्याले बी तेच दाना टाकते," मागून एक पोरगा ओरडला.

"भूत नाही ते. घरातली माणसं करत होती."

"मंग थे दिसत काऊन नाई?"

वर्ग हसला. बाईंनी पानं गोळा केली. "पुन्हा लिहिते," म्हणाल्या.

हेडमास्तर त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले. "पोरं बसली होती ना, बाईसाहेब! शेवटी एक भूत टाकून द्या, काम झालं."

"तुम्ही मुलाहिजा ठेवताय," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पावसाळाभर त्यांचं दार बंद होतं. मध्येच काही दिवस त्या गावात नव्हत्या, कुठे गेल्या ते कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी तीच पोरं पुन्हा बसवली. आता ती दहावीत होती.

घर तेच होतं, घोडेही तेच. चोर मात्र नव्हते. त्यांच्या जागी मालकाच्या मुलीच्या वयाची एक पोरगी होती. ती चहा आणायची. रात्री पलंगाजवळ जमिनीवर झोपायची आणि मालकाच्या मुलीला अंधाराची भीती वाटे, म्हणून हात वर करून तिचा हात धरून ठेवायची. मास्तर शिकवत तेव्हा पडद्याआडून ऐकून ती इंग्रजी अक्षरं मालकाच्या मुलीआधी शिकली. मग तिचं लग्न ठरलं आणि एका सकाळी चहा दुसऱ्याच कोणीतरी आणला. बाईंनी हे सगळं बातमी वाचावी तशा आवाजात वाचलं. एकही पोर उठलं नाही.

वंदनानं विचारलं, "बाई, थे तुमची मैत्रीन होती का?"

"एकच होती."

"नाव काय तिचं? तुमी नुसतं 'ती, ती' करून राह्यल्या."

बाईंनी चष्मा काढला. "आम्ही 'ए पोरी' म्हणायचो. नार्नूरकडच्या कुठल्याशा गावात दिली होती तिला. पावसाळ्यात जाऊन आले. पण नावाशिवाय कोणाला विचारणार?"

वंदनानं जरा विचार केला.

"सद्या माझं लावा, बाई. तिचं सापडलं का काढून टाका."

कादंबरी छापून आली. त्यानंतर दर उन्हाळ्यात बाई बस धरून नार्नूरच्या बाजूला जात आणि गुडघे धरत परत येत. नव्वदच्या दशकात दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांना कमी दिसू लागलं होतं, म्हणून प्रुफं मी तपासली. त्यातही नाव वंदनाच होतं.