कडेला बसलेल्या सासूबाई

ज्या वर्षी धाकट्या मेहुणीचं लग्न दुसऱ्यांदा मोडलं आणि त्यासाठी पोसलेलं डुक्कर वाया जाऊ नये म्हणून सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आधीच उरकून घेतला, त्या वर्षीची ही गोष्ट.

रिओबांबा या गावात विल्फ्रीदोचा फोटोचा धंदा होता. गावातली निम्मी लग्नं त्यानंच टिपलेली. पण सासरच्या भिंतीवर त्याचा स्वतःचा चेहरा शोधायला भिंग लागे. त्या घरची रीतच तशी: फोटोत रक्ताची माणसं मधे, जावई कडेला. जावयाचा काय भरवसा, उद्या सोडून गेला तर फोटोत मधेच भोक नको, असं सासूबाई, म्हणजे दोन्या पेत्रोना, त्याच्या तोंडावर म्हणत. त्यातून हा कॅमेऱ्याचं बटण दाबून धावत येणार! वीस वर्षांत एकाही फोटोत त्याचं तोंड मिटलेलं नव्हतं.

या खेपेला त्यानं बायकोला, रोसाउराला, ठणकावून सांगितलं, "असं चित्र करतो की तुझी आई तोंडात बोट घालेल. मलाही बघेल जरा."

फोटो कॅनव्हासवर छापायचा, लाकडी चौकटीवर ताणायचा आणि मागे पिना ठोकायच्या. काच नाही, फ्रेम नाही. फोटोच कडांवरून वळून मागे जातो. राजधानीतले फोटोवाले असं करून देत आणि विल्फ्रीदोची गिऱ्हाइकं तिकडं पळू लागली होती. शिकायला काय लागतं? त्यानं दुपारभर व्हिडिओ पाहिले आणि लोकांनी न नेलेले जुने फोटो सरावाला घेतले. पहिला कॅनव्हास ओल्या गोधडीसारखा लोंबला. दुसरा इतका ताणला की नवऱ्या मुलाचे गाल कानामागे गेले. तिसऱ्याचे कोपरे तान्ह्या बाळाच्या लंगोटासारखे झाले. चौथा बरा निघाला, आणि विल्फ्रीदो स्वतःला उस्ताद समजू लागला!

वाढदिवसाला सगळं गोत अंगणात फोटोसाठी उभं राहिलं. विल्फ्रीदो बटणाकडे वळला, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब. माझी खुर्ची तिकडं कडेला ठेवा. जावईबापूंच्या शेजारी."

धाकटी मेहुणी रडायची थांबली. थोरला मेहुणा अनीबाल म्हणाला, "आई, तुझी जागा मधे."

"मला माहीत आहे माझी जागा. हा बिचारा वीस वर्षं पळतोय. आज मी चार पावलं चालले तर तुझं काय गेलं?"

विल्फ्रीदो बटण दाबून धावत आला. सासूबाईंनी त्याचा हात धरला. त्या फोटोत त्याचं तोंड मिटलेलं आलं.

पण फोटो माणसांनी काठोकाठ भरला होता. चौकट चार बोटं जाड. म्हणजे दोन्ही बाजूंनी तेवढा फोटो कडेवर वळणार आणि आणखी थोडा मागे. व्हिडिओत हे सांगितलं होतं, पण कोपरे शिकायच्या घाईत यानं तो भाग न बघताच पुढं सरकवला होता. शिवाय ताणताना कॅनव्हास पालथा असतो. सुलटा केला तेव्हा त्यानं फक्त कोपरे पाहिले. सुरीसारखे कोपरे! तसाच चादरीत गुंडाळून तो रविवारच्या जेवणाला घेऊन गेला.

चादर काढताच वाहवा झाली. अनीबाल मधोमध बिशपासारखा शोभत होता. सासूबाई चष्मा पुसून पुसून बघत राहिल्या.

"मी कुठं आहे?"

 विल्फ्रीदोनं त्यांना चित्राच्या बाजूला नेलं. चौकटीच्या जाडीवर सासूबाई होत्या, निम्म्या. उरलेल्या निम्म्या मागे लाकडावर, तिथंच विल्फ्रीदो, आणि दोघांच्या धरलेल्या हातांतून ओळीनं पिना ठोकलेल्या. मेहुणे हसून हसून बाकावरून पडायला आले. सासूबाई हसल्या नाहीत.

"एकदा शेजारी बसले तुझ्या, तर हे," त्या म्हणाल्या. मग पिनांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "दुसरं कर. आपण दोघं पुढं दिसलो पाहिजे."

 पुन्हा फजिती नको म्हणून विल्फ्रीदो परक्यांच्या फोटोंवर सराव करत बसला. दर रविवारी सासूबाई विचारत, झालं का, आणि दर रविवारी तो सांगे, कोपरे मनासारखे बसत नाहीत. कोपरे कोण बघतंय, असं त्या एकदा म्हणाल्या. पुढं विचारेनाशा झाल्या.

एके सकाळी अनीबाल दुकानात आला. शवपेटीपाशी ठेवायला आईचा मोठा फोटो हवा होता. कडेला बसून हसतेय तोच, पण एकटीचा.

"तिनं माझा हात धरलाय त्यात," विल्फ्रीदो म्हणाला.

"मग स्वतःला मागं वळव ना. जमतं की तुला."

विल्फ्रीदोनं या वेळी नीट मोजलं. सासूबाई पूर्ण पुढं आल्या, तो कडेवर गेला. कोपरे इतके सुरेख बसले की शोकाला आलेल्या दोघांनी तिथंच आपापल्या घरचं काम त्याला सांगितलं.

दोन्या पेत्रोना त्याच वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या सणानंतरच्या मंगळवारी पहाटे वारल्या.